बोटभर भिंत

फोन वाजला तेव्हा प्रिंटवाल्या बाई मशिनमध्ये शाई भरत होत्या.

"असाल तशा या," क्लबचे सेक्रेटरी म्हणाले. "स्पर्धेला एकच फोटो दोन पाकिटांतून आलाय. मास्तर म्हणतात, तुमच्या दुकानातून फुटला. तसं असेल तर क्लबचं काम यापुढे तुमच्याकडे नाही."

बाईंचं निम्मं दुकान क्लबवर चालायचं. हात न धुताच त्या निघाल्या.

टेबलावर दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी होते. शिवणयंत्रावर बसून खळखळून हसणारी मास्तरांची बायको. मास्तरांचा प्रिंट झकास. दुसरा अगदीच फिकट, पाणी घातल्यासारखा. मात्र त्यात उजवीकडे बोटभर भिंत जास्त होती, घड्याळ नि कॅलेंडरसकट.

"अर्ध्या क्लबला कॅमेरा धरायला मी शिकवलं," मास्तर कडाडले. "चौदा तारखेला दहा ते एक तुमच्या दुकानात कागद निवडत बसलो. त्याचं हे फळ? खाल्ल्या मिठाला तरी जागायचं!"

बाईंच्या ते फार जिव्हारी लागलं. बारा वर्षांत त्यांनी कुणाची फाइल कुणाला दाखवली नव्हती. पण त्या भांडल्या नाहीत.

"मास्तर, घरी प्रिंट काढता?"

"चाचणीपुरता. घरचा प्रिंटर काळपट छापतो. त्याच्यासाठी फाइल मुद्दाम उजळून ठेवतो."

"मला दिली ती?"

"न उजळलेली. तुमचं मशिन बरोबर छापतं."

"कॅमेऱ्याच्या कार्डात मूळ फोटो असेल ना?"

"कार्ड पुसलं."

"घरात कोण कोण असतं?"

"बायको आणि मुलगी. पोरीला यातलं ओ की ठो कळत नाही."

"भिंतीवरचं घड्याळ बरोबर चालतं?"

"मिनिटाचा फरक नाही."

"आणि कॅलेंडरचं पान?"

"रोज सकाळी मी स्वतः फाडतो. त्याचं काय?"

सेक्रेटरींनी दुसऱ्या प्रिंटसोबत आलेलं नावाचं बंद पाकीट उचललं. "उघडू?"

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "हा फिकट प्रिंट घरच्या उजळलेल्या फाइलचा. चांगल्या मशिनवर ती अशीच फिकी पडते. ती फाइल माझ्याकडे आलीच नव्हती. म्हणजे फोटो मास्तरांच्या घरातूनच बाहेर पडला."

"म्हणजे पोरीनं चोरला?" मास्तर म्हणाले. "माझ्याच पोरीनं?"

"मास्तर, मूळ फोटो हातात असता तर तिनं हा पांढराफटक प्रिंट कशाला पाठवला असता? तो तुम्ही पुसलात. चाचणीची फाइल तेवढी विसरलात. आणि तुमच्या प्रिंटची कड कापलीत. सेक्रेटरीसाहेब, फिकट प्रिंटवर घड्याळ-कॅलेंडर काय दाखवतंय ते वाचा."

सेक्रेटरी वाकले. "याच महिन्याची चौदा. अकरा वाजून दहा मिनिटं."

"फोटोतल्या खिडकीत ऊन आहे, म्हणजे सकाळचेच. आणि त्या वेळी मास्तर कुठे होते, हे त्यांनीच आत्ता सांगितलं."

मास्तर खुर्चीत बसले. पाकिटात मुलीचंच नाव निघालं.

तिला बोलावून घेतलं. बाविशीची पोर. दोन्ही प्रिंट बघून ती वडिलांकडे वळली.

"बाबा, कार्ड मी तुम्हाला दाखवायला दिलं होतं. तुम्ही म्हणालात, खराब निघालं."

"सात वर्षांत एक बक्षीस नाही गं," मास्तर पुटपुटले. "माझेच विद्यार्थी हसतात मला. तुझं काय, तुझं सगळं आयुष्य पडलंय."

"मला मागितला असता तर दिला असता." तिचा आवाज फाटला. "आईला तरी सांगायचं. तिला माहीत होतं कुणी काढला ते."

मास्तर टेबलावरची पाकिटं नीट लावू लागले.

"बाबा?"

"तिला सांगितलं होतं. तीच म्हणाली, पोरीला कळू देऊ नका."

सेक्रेटरींनी घसा खाकरला. मास्तरांचा प्रिंट बाजूला सारून ते म्हणाले, "हा बाद. तुझा स्पर्धेत राहील. हवं तर नीट छापून आण."

"मी छापून देईन," बाई म्हणाल्या.

मुलगी आईच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं प्रिंट पालथा घातला.

"माझाही बाद करा," ती म्हणाली.