ताइवोचा वाटा

आमच्या इसेयिन गावात त्या दिवसांत कोरडा, धुळीचा वारा सुटला होता. वाळलेले लंगोट काढायला मी दुपारी अंगणात गेले, तर दोरीवर एकच फडकं हलत होतं. बाकीचे घडी न मोडता घरात पडून होते. धुवायला काही नव्हतंच. माझा केहिंदे दिवसभर छातीला चिकटलेला असायचा, आणि लंगोट मात्र ठणठणीत कोरडा.

मला जुळे झाले होते. ताइवो आधी, केहिंदे मागून. ताइवो आठवडाभरही राहिला नाही. जुळ्यातला एक गेला तर आमच्यात ‘वारला’ म्हणत नाहीत, ‘लागोसला गेला’ म्हणतात. आमच्या घरात तेवढंही कोणी म्हणत नव्हतं.

मी केहिंदेला दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी मला समोर बसवून पाजायला लावलं, मग त्याला काट्यावर ठेवलं.

“दूध भरपूर आहे, पकडही बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “मग वजन का उतरतंय?”

“तेच विचारायला आलेय.”

“उद्या परत आण. तोवर लंगोट भिजला नाही, तर उद्याचीही वाट बघू नकोस.”

घरी येऊन चटईवर बसले आणि केहिंदेला डावीकडे घेतलं. बाहेर नवऱ्याच्या मागाची खटखट चालू होती, ती थांबली. केहिंदे पेंगला, त्याचे ओठ सुटले. तरी गिळण्याचा आवाज येतच होता. घुटुक... घुटुक...

उजव्या बाजूने.

तिकडे मांडीवर कोणी नव्हतं. पण दगडासारखी भरलेली ती बाजू हळूहळू हलकी होत होती. नाकाशी पामतेलाचा वास आला. शेवटच्या दिवशी ताइवोच्या अंगाला मी तेच चोळलं होतं.

सासूबाई आंबील घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनीही ऐकलं असावं.

“कधीपासून हे?”

“माहीत नाही, आई... मला भीती वाटतेय.”

“कोणाची? स्वतःच्या लेकराची?” त्यांनी वाडगा खाली ठेवला. “भुकेला आहे गं तो. गेलेल्या जुळ्याची लाकडी मूर्ती करून त्याला घरात जागा द्यायची असते; ती दिली नाहीत, म्हणून भावाच्या ताटात जेवतोय.”

त्या तशाच ओगुंडेले सुताराकडे गेल्या आणि तो मूर्ती कोरून देईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. संध्याकाळी वीतभर लाकडी ताइवो माझ्या ओंजळीत आला. त्याला न्हाऊ घातलं, कमरेला फडक्याचे दोन वेढे दिले. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “आता लाकडाला पाजणार का?”

“दोन पोरांना पाजायचंय मला,” मी म्हटलं. “तुझ्याशी बोलत बसायला वेळ नाही.”

चटईवर बसले. केहिंदेला डावीकडे घेतलं आणि ताइवोला उजवीकडे धरलं.

“हा तुझा वाटा, ताइवो. तो त्याचा. भावाच्या वाट्याला तोंड लावायचं नाही.”

उजवीकडे क्षणभर काहीच झालं नाही. मग बोटांखालचं लाकूड कोमट झालं.

केहिंदेने माझ्या मांडीवरच लंगोट भिजवला, माझं लुगडं भिजेपर्यंत. मी कितीतरी वेळ तशीच ओली बसून होते. राणीलाही इतका अभिमान वाटला नसेल. सकाळी पिवळीधमक शीही झाली. ती बघायला सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला माग सोडून बोलावलं.

काट्यावर वजन वाढायला लागलं, तशी मी बाजाराला निघाले. केहिंदे पाठीशी बांधलेला, ताइवो पुढे कमरेत खोवलेला. बायका वाट सोडत होत्या. “सरका, जुळ्यांची आई आली,” कोणीतरी म्हणालं. मी मान ताठ ठेवून, मुद्दाम सावकाश, सगळा बाजार पालथा घातला.

घरी आल्यावर केहिंदेला बदललं. मग ताइवोला कमरेतून काढलं, तर त्याचं फडकं हाताला जड लागलं. सोडून पाहिलं. ओलं होतं, मधोमध पिवळं.

 त्याला पुसून घेतलं आणि पहिल्या दिवशी ज्याचे दोन वेढे बसले होते ते धुतलेलं फडकं त्याच्याभोवती गुंडाळायला लागले.

ते एका वेढ्यालाही पुरेना.