कळी उमलेपर्यंत

घड्याळदुरुस्तीच्या दुकानात येणारा माणूस बंद पडलेलंच काहीतरी घेऊन येतो, असा तिचा बारा वर्षांचा अनुभव. त्यामुळे त्या दुपारी एका गृहस्थाने काउंटरवर तळहाताएवढा झाडाच्या सालीचा तुकडा ठेवला, तेव्हा तिने सवयीने विचारलं, "कधीपासून बंद आहे?"

"चालू आहे," तो म्हणाला. "म्हणजे... तसं वाटतंय. तुमचं भिंग मिनिटभर मिळेल का?"

सालीवर दोऱ्याने एक रोप बांधलं होतं. नखाएवढी चार पानं आणि सुतासारखी मुळं. तिने भिंग दिलं, पण त्याला ते डोळ्यात धरता येईना, दोनदा घरंगळलं. शेवटी तिनेच पाहिलं. पानाच्या बेचक्यात टाचणीच्या डोक्याएवढं काही हिरवं होतं.

"टोकदार की गोल?" त्याने श्वास रोखून विचारलं.

"गोल."

"कळी! तीन वर्षं वाट बघतोय हो..."

तो शेजारच्या इमारतीतल्या तळघरात पुस्तकं बांधायचा. बाइंडर. तिथे खिडकी नाही आणि सगळीकडे कागद, त्यामुळे पाणी फवारायची सोय नाही. त्याने तिच्या टेबलाजवळची पूर्वेची खिडकी पाहिली, मग तिच्याकडे, मग पुन्हा खिडकीकडे.

"एक विचारू? नाही म्हणालात तरी चालेल. हे इथे टांगू का? फूल उमललं की लगेच नेतो."

"बांडगूळ आहे का ते?" कोपऱ्यातून तिच्या वडिलांनी विचारलं. हात थरथरायला लागल्यापासून ते घड्याळं मुलीवर सोपवून गप्पांचं खातं सांभाळत.

"नाही हो. ऑर्किड आहे. झाडावर राहतं, पण झाडाचं काही खात नाही. हवेतलं पाणी पितं."

मग त्याने तिला नीट समजावलं. सकाळचं कोवळं ऊन आणि खेळती हवा. माती अजिबात नको. मुळं पांढुरकी दिसली की पाणी फवारायचं, हिरवी असली की हात लावायचा नाही.

"किती वाजता?"

"ते घड्याळात नाही दिसत. मुळांवर दिसतं."

तो रोज संध्याकाळी यायचा. बोटांवर वाळलेली खळ घेऊन काउंटरपाशी उभा राहायचा. ती भिंगातून कळी बघून सांगायची, तो ऐकायचा. बसा म्हटलं तर बसायचा नाही. चहा नको, पाणी नको.

"अगं, हाही त्या झाडासारखाच," तो गेल्यावर वडील म्हणाले. "येतो, टांगून राहतो, पण आपलं काही खात नाही."

"बाबा!"

पाच आठवड्यांत कळी तांदळाच्या दाण्याएवढी झाली. ती उमलली की काय होणार, हे तिला ठाऊक होतं.

मग त्याला चार दिवस बाहेरगावी जावं लागलं, एका ग्रंथालयाच्या कामाला.

"काळजी घ्या," तो दारातून म्हणाला.

"झाडाची ना?"

"झाडाचीही." आणि लाल झालेल्या कानांनी निघून गेला.

चारही दिवस आभाळ भरलेलं. झाड सुकलं तर काय तोंड दाखवू, या धास्तीने तिने गजर लावले—सकाळी आठ, संध्याकाळी पाच. तिसऱ्या दिवशी पाचचा गजर झाला तेव्हा मुळं चांगली हिरवी होती. तिने ती पाहिली... आणि तरी पाणी मारलं. चौथ्या दिवशी कळी काळी पडली होती. चिमट्याचं टोक लागताच गळाली.

तो आला तेव्हा तिने ती कागदावर ठेवून त्याच्यापुढे सरकवली. वडिलांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

"मुळं हिरवी होती. दिसली होती मला. तरी फवारलं."

"होतं असं. माझी पहिली दोन झाडं अशीच गेली."

"तसं नाही. उमलली की तुम्ही नेणार होतात. मी मुद्दाम नाही केलं. पण उमलू नये असं मला रोज वाटायचं. याला चूक म्हणायचं का, ते आता तुम्हीच ठरवा."

त्याने भिंग उचललं, डोळ्यात बसवलं आणि तो झाडावर वाकला. या वेळी ते घरंगळलं नाही.

"नवं मूळ आलंय," तो म्हणाला. "जगेल हे."

"आणि कळी?"

"येईल. वर्षाने... दोन वर्षांनीही." त्याने भिंग काढलं. "मलाही एक सांगायचंय. आमचं बाइंडिंगचं खातं तळघरातून वरच्या मजल्यावर हलवलंय. महिना झाला. तिथे खिडकी आहे, पूर्वेला. तुमच्या खिडकीपेक्षा मोठी."

"मग आधीच का नाही नेलंत?"

तो बोटांवरची खळ खरवडत राहिला.

"झाड नेलं असतं, तर... आता इथे येता कशाला, असं तुम्ही विचारलं असतंत."

वर्तमानपत्र खाली आलं. "अहो, दोन वर्षं म्हणजे फार झालं उभं राहायला. चहा मागवतो. आज घेणार, की नुसतंच टांगून राहणार?"

"घेतो," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच स्टूल ओढून बसला.

पाच वाजत आले होते. तिने गजराच्या घड्याळाची कळ दाबून गजर बंद केला आणि खिडकीकडे पाहिलं. मुळं अजून हिरवी होती.