आजोबांचा घोट

दुपारी दोन वाजता धरणावरचे पंप बंद पडले. वीज होती. पाणीही होतं.

ही घडलेली गोष्ट आहे. जिच्याबाबतीत घडली ती कासुको आजही तिथेच कामाला आहे.

त्या वर्षी पाऊस फिरकलाच नव्हता. विंडहुक शहराची सगळी भिस्त धरणाच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर होती. शहरातल्या दवाखान्यात कासुकोची बहीण आदल्या दिवशी बाळंत झाली होती आणि तिच्या वॉर्डातला नळ सकाळपासून थेंबथेंब गळत होता; पंप थांबले तर तेवढंही थांबणार होतं.

म्हातारा मेकॅनिक गारोएब पंप उघडून बसला. दोष काही सापडेना.

मग कासुकोच्या लक्षात आलं... धरणाच्या भिंतीवर रोज बसणारी माकडं आज नाहीत.

वारा पडलेला.

आणि पाण्याखालून गुरांच्या घंटा वाजतायत...

पाठोपाठ आंबट दुधाचा वास आला. मग धुराचा.

गारोएबने पाना खाली ठेवला. "पोरी, तुमचं घर इथेच बुडालं ना?"

इथेच. आजोबांचं थडगं, गुरांचं कुंपण, घराचा पवित्र अग्नी, सगळं याच पाण्याखाली. हेरेरो या गुरं पाळणाऱ्या जमातीत दूध आधी त्या अग्नीपाशी घरातला कर्ता पुरुष चाखतो. तोवर कुणी ओठाला लावत नाही. पाणी आटत गेलं आणि आज पंप नेमकं त्या अग्नीच्या जागेवरचं पाणी ओढू लागले होते, कुणी न चाखलेलं.

घरातल्या एखाद्या पुरुषाला बोलावून घे, असं गारोएब म्हणाला. बाईचं हे काम नव्हे.

"उरला असता तर बोलावला असता, काका."

तिने चहाचा मग धरणाच्या पाण्याने भरला आणि कठड्याशी गेली.

"आजोबा, तिकडे पाण्यासाठी रडतोय तो तुमचाच पणतू आहे. चाखायचं तर चाखा. नाहीतर मी चाखते, बाई असले तरी. पण वाट अडवायची नाही."

घंटा थांबल्या...

तिने तो भरलेला मग कठड्यावर ठेवला आणि पाठ फिरवली, भांडणात फिरवतात तशी.

पंप घरघरले.

ती वळली तेव्हा मगातलं पाणी घोटभर कमी झालं होतं. काठाला राख लागली होती.

"ओतून दे ते," गारोएब पुटपुटला.

कासुकोने उरलेलं पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. बाळाला पहिल्यांदा न्हाऊ घातलं होतं, पण केसांना लाकडाच्या धुराचा वास येत होता आणि जात नव्हता. ती घाबरली होती. कासुकोने तिला एवढंच सांगितलं, की रोज न्हाऊ घाल, त्याच पाण्याने.

पोर आता चालायला लागलंय. पंप पुन्हा कधी बंद पडले नाहीत.

केसांचा वास मात्र अजून गेलेला नाही...