दोन बोटं ढिलं

मी गोष्टी लिहिणारा माणूस नाही. चौतीस वर्षं एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं नोंदवायचं आणि कपाटात लावायचं, एवढंच केलं. त्यामुळे हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

पण हे खरं आहे. मला ते खोटं ठरलेलं हवं होतं. तसं झालं नाही.

रविवार, १९ जानेवारी २०२५. जालना शहरातलं एक नाट्यगृह.

रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. समोर तीनेकशे माणसं बसलेली होती.

तरीही ते घडलं.

आधी माझ्या बायकोबद्दल सांगायला हवं.

सत्यशीला ऐतिहासिक कपडे शिवायची. अंगरखे, बाराबंद्या, शेले, शाळांच्या गॅदरिंगला लागणारी मावळ्यांची फौजच्या फौज. जालन्यातल्या मस्तगडमध्ये आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. तिथल्या पुढच्या खोलीत तिची मशीन होती आणि एक कापडी पुतळा. डोकं नाही, हात नाहीत, नुसतं धड. ती पुस्तकं वाचत नसे. मी वाचायचो, चित्रं दाखवायचो आणि ती शिवायची.

२०१९ मध्ये काकासाहेब आमच्याकडे आले. बँकेत नोकरी करणारे, नाटकवेडे गृहस्थ. त्यांनी एकांकिका लिहिली होती, जालन्यात इंग्रजांची छावणी होती त्या काळातली. नायिका एक मडम.

"वहिनी, मडमेचा गाऊन पायजे," ते म्हणाले. "आन् कंबर अशी पायजे, मुठीत मावंल अशी."

"तशी बाई आना मंग," सत्यशीला म्हणाली. "कंबर मी कुठून शिवू?"

कंबर शिवता येते, हे मी तिला सांगितलं. लायब्ररीत इंग्रजी पेहरावांवर एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात कॉर्सेटच्या आकृत्या होत्या. छातीपासून कमरेपर्यंत आवळणारं, आत ताठ काड्या शिवलेलं, पाठीवर दोरीनं कसायचं वस्त्र.

सत्यशीलानं त्याला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं. चिलखत.

बांबूच्या कामट्या घातल्या, त्या मोडल्या. मग आमच्या एमआयडीसीत माल बांधायला वापरतात ती पोलादी पट्टी आणली. तिचे तुकडे केले, टोकं घासली, वर कापड गुंडाळलं. पाठीवर दोन्ही बाजूंना पितळी कडी ठोकली, बुटाला असतात तशी.

आणि मग ते चिलखत तिनं स्वतःच्या अंगात घातलं.

ही तिची पद्धत होती. दुसऱ्याच्या अंगाला टोचेल असं काही तिनं कधी दिलं नाही. आधी स्वतः घालून ती घरभर वावरायची. भाकरी करायची, जिना चढायची, मशीनवर बसायची. कुठे रुततं ते कळलं की तिथे उसवायची.

दोरी पाठीवर असल्यामुळे ती स्वतःला बांधता येत नाही. मी बांधून द्यायचो.

रोज दुपारी तीनच्या सुमाराला ती मशीन थांबवायची.

"ढिलं करा ना थोडं. श्वास पुरत न्हाई."

मी दोन बोटं मावतील इतकी दोरी सैल करायचो.

एकदा मी तिला पुस्तक वाचून दाखवलं. नवीन बाईला सुरुवातीला धाप लागते, काही आठवड्यांत शरीराला सवय होते, असं त्यात लिहिलं होतं.

"लिव्हनारानं सोता घातलं व्हतं का?" तिनं विचारलं.

मी हसलो.

नाटक झालं. वेशभूषेचं पहिलं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर माझं नाव होतं, कारण अर्ज मी भरला होता. स्टेजवर जायला मी घाबरत होतो, म्हणून काकासाहेबांनी ते घेतलं. नाव चुकलंय हे मी कुणालाच सांगितलं नाही. सांगायला उभं राहावं लागलं असतं.

चिलखत पुतळ्यावर चढलं. पण तिची धाप गेली नाही. जिन्यात थांबायची. मी म्हणालो, दोन महिने आवळलंस, जायला वेळ लागेल.

१८ जानेवारी २०२०. दुपारी मशीनवरच तिचं डोकं टेकलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दम किती दिवसांपासून लागत होता?"

मी चिलखताचं सांगू लागलो. त्यांना काही कळेना. हृदयाची झडप खराब होती, ते म्हणाले. आधी दाखवायला हवं होतं.

मी एकटाच घरी आलो.

पाच वर्षं गेली. पुतळ्यावर कपडा टाकून ठेवला होता. मी त्या खोलीत फारसा जात नसे.

माझी मुलगी सुमेधा वडीगोद्रीला शिक्षिका आहे. तीही नाटकात काम करते. गेल्या डिसेंबरात ती काकासाहेबांना घेऊन घरी आली. तीच एकांकिका पुन्हा स्पर्धेला लावायची होती. मडमेचं काम ती स्वतः करणार होती, आईनं शिवलेल्या कपड्यात.

"या वेळेला अर्ज मी भरलाय, पप्पा," ती म्हणाली. "प्रयोग संपल्यावर माइकवर सगळ्यांची नावं वाचतात. वेशभूषा, सत्यशीला. एकदा तरी त्या हॉलमधी मम्मीचं नाव ऐकू येऊ द्या."

मी मान हलवली. मलाही तेच हवं होतं. विश्वास ठेवा, मलाही तेच हवं होतं.

तिनं पुतळ्यावरचा कपडा काढला. पट्ट्यांचा आकार बिघडू नये म्हणून मी चिलखत पुतळ्यावर घट्ट कसलं. शेवटची गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत वाचत होतो.

अचानक काहीतरी कमी झाल्यासारखं वाटलं…

खालच्या भांड्याच्या दुकानातली ठोकठोक थांबली होती. रस्त्यावरचे हॉर्नही नव्हते.

मग पुढच्या खोलीतून आवाज आला…

सर्र…

कड्यांतून दोरी सरकल्याचा.

सर्र…

मी उठलो नाही. दहा मिनिटांनी ठोकठोक पुन्हा सुरू झाली, तेव्हा गेलो.

गाठ जशीच्या तशी होती. पण दोरी सैल झाली होती.

मी बोटं घालून पाहिली. बरोबर दोन मावली.

जुनी दोरी आहे, ताणली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पुन्हा कसली. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही. घड्याळात तीन.

पाचव्या दिवशी मी आतल्या अस्तराला हात लावला.

ते कोमट होतं…

आणि दमट. नुकतंच कुणीतरी अंगातून काढल्यासारखं. थंडीचे दिवस होते.

सुमेधाला मी सांगितलं नाही. ती म्हणाली असती, पप्पा, तुम्ही एकटे राहून राहून वाचता फार. कदाचित खरंही असेल.

प्रयोगाचा दिवस आला.

दोरी कसायची रीत मलाच ठाऊक होती, म्हणून रंगपटात मी होतो. वरून आणि खालून आवळत मधोमध यायचं, मग कमरेपाशी ओढायचं.

"अजून ओढा, पप्पा," सुमेधा म्हणाली.

"टोचतंय का कुठं?"

"कुठंच न्हाई. मम्मीनं शिवलंय ते."

दारातून काकासाहेब ओरडले, "ओ ग्रंथपाल, मडम सोडा आता! का परत जमा करून घेता?"

सगळे हसले. मीही हसलो. सुमेधानं वर गाऊन चढवला. मी हुक लावले.

मी विंगेत उभा राहिलो. हातात धागे कापायची लहान कात्री होती. सत्यशीला प्रत्येक प्रयोगाला ती घेऊन उभी राहायची, म्हणून मीही घेतली होती.

पडदा उघडला. सुमेधा फार छान बोलत होती. तिच्यात तिची आई दिसत होती, असं मी म्हणणार नाही. ती तिचीच होती.

तीन वाजून गेले असावेत.

हॉलमधला पंखा फिरताना दिसत होता, पण त्याचा आवाज गेला होता…

सुमेधाचे ओठ हलत होते. शब्द येत नव्हते.

आणि मग अगदी कानाशी…

"ढिलं करा ना थोडं."

मी वळून पाहिलं. विंगेत कुणी नव्हतं.

"श्वास पुरत न्हाई."

स्टेजवर सुमेधा थांबली होती. एक हात कमरेवर. तोंड किंचित उघडं. ती बोलत नव्हती. ती हलत नव्हती.

मला वाटलं, ती म्हणतेय. माझी मुलगी म्हणतेय.

आयुष्यात मी स्टेजवर पाय ठेवलेला नव्हता. वर्गात पुस्तकं वाटायची असली तरी मी शिपायाला पाठवायचो. त्या दिवशी मी धावलो. तीनशे माणसांसमोर धावलो. तिला पाठीमागून धरलं, गाऊनचे हुक उपटले आणि चिलखताची दोरी कात्रीनं वरपासून खालपर्यंत कापली.

तेव्हा आवाज परत आला. आधी कुणीतरी हसलं. मग शिट्ट्या. मग परीक्षकांची घंटा.

पडदा पडला. स्पर्धेचा नियम साधा आहे. पात्र नसलेला माणूस प्रयोग चालू असताना स्टेजवर आला, की एकांकिका बाद.

काकासाहेबांनी डोक्यावरची पगडी काढून खुर्चीवर ठेवली आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी सुमेधाला ओढतच रिक्षात घातलं, अंगावर शाल टाकून. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढायला लावली. रक्त तपासायला लावलं.

तिला काहीही झालेलं नव्हतं.

"एकदम ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "घाबरले कशाला तुम्ही?"

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. तिच्या चेहऱ्यावर अजून रंग होता.

"तू म्हणालीस ना," मी म्हणालो. "श्वास पुरत नाही म्हणून."

"मी?"

"ढिलं करा म्हणालीस."

"पप्पा, मी स्टेजवर होते. मडमेला नवऱ्याची तार येते, ती थांबते. तालमीत धा वेळा पाह्यलं तुम्ही."

"मग कोण म्हणालं?"

मला वाटलं, ती घाबरेल. ती घाबरली नाही. तिचा आवाज अगदी हळू झाला.

"मम्मी दोन महिने म्हणत व्हती, तवा तुम्ही पुस्तक वाचून दाखवलं. आज कोनीच म्हणालं न्हाई, तर धावत आले."

"नाव बी वाचू दिलं न्हाई तुम्ही तिचं."

शहागडकडे जाणारी बस पकडून ती त्याच संध्याकाळी वडीगोद्रीला गेली. चिलखत सोबत घेऊन गेली. मी फोन करतो. ती उचलते, जेवलात का विचारते, ठेवते.

पुतळ्यावर आता काही नाही.

तरी दुसऱ्या दिवशी तीन वाजता भांड्याच्या दुकानातली ठोकठोक थांबली…

"ढिलं करा ना थोडं."

घरात आवळलेलं असं काहीच उरलं नव्हतं. मी खिडक्या उघडल्या. पुस्तकांच्या गठ्ठ्यांच्या सुतळ्या सोडल्या. माझ्या शर्टाची बटणं काढली. वेडेपणा आहे, मला कळतं.

"श्वास पुरत न्हाई."

रोज. सव्वा महिना रोज.

शेवटी फेब्रुवारीच्या अखेरीला एका दुपारी मी उठलो. चपला घातल्या. खाली जाऊन रिक्षा थांबवली आणि वर येऊन रिकाम्या खोलीत म्हणालो, "चल. दवाखान्यात जाऊ."

दार उघडं धरून उभा राहिलो. जिना हळूहळू उतरलो. मध्ये दोनदा थांबलो.

रिक्षात मी एका कडेला बसलो.

"काका, अजून कोन येनार हाय का?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"नाही. चला."

सुमेधाला नेलं होतं तोच दवाखाना. केसपेपरच्या खिडकीवर मी नाव सांगितलं, सत्यशीला. वय विचारलं. मी ती वारली तेव्हाचं सांगितलं.

"पेशंट कुठंय?"

मागे रांग होती, माणसं बघायला लागली होती. नेहमीसारखा घाम फुटला. मी बाजूला झालो. भिंतीलगतच्या बाकावर जरा वेळ बसलो. मग उठलो आणि घरी आलो.

त्या दिवसापासून आवाज बंद आहे.

तीन वाजतात. भांड्याच्या दुकानातली ठोकठोक चालूच राहते. हॉर्न वाजत राहतात. पुढच्या खोलीत कुणी नाही. मला बरं वाटायला हवं होतं.

पण मी दोघांसाठी रिक्षा केली होती.

आणि परत येताना मी तिला चल म्हणालो नाही. माझ्या लक्षातच आलं नाही.

महिने झाले. त्या रस्त्यानं जायचं धाडस होत नाही. कधी जावंच लागलं, तर मी पलीकडच्या बाजूनं जातो, मान खाली घालून.

दवाखान्याच्या दारातून तो बाक दिसतो.