पानावरची अंडी

सावंतवाडीच्या संग्रहालयात एक लाकडी पाळणा आहे. पाटीवर ‘हलवू नये’ असं लिहिलंय. तरी येणारा प्रत्येक जण हलवतोच.

*

एंजल माशाची अंडी राजगिऱ्याच्या दाण्याएवढी असतात.

*

शाळेच्या पुस्तकात ‘अंगाई’ या शब्दाचा अर्थ दिलाय: बाळ झोपावं म्हणून पूर्वी घरात म्हणायचं गाणं. चाल दिलेली नाही.

*

नियम असा: प्रत्येक जोडप्याला एकच मूल. ते कूसघरात वाढणार, सहाव्या वर्षी घरी येणार.

*

कूसघर म्हणजे काचेची गर्भाशयं, आणि त्यांना लागून मुलं वाढवणारी उबदार यंत्रं. ती आल्यापासून बाळंतपणात कुणी दगावलं नाही. ओवी तिथंच वाढली. तिची आईही, आजीही. कुणाची काही तक्रार नव्हती. फक्त ओवीनं अर्ज केला होता, असा पहिलाच: मुलगी जन्मली की लगेच घरी नेईन.

“तुला हौस भारी,” नवरा, शार्दूल, म्हणाला होता. पण सही त्यानंही केली.

कूसघराच्या शास्त्रज्ञ डॉ. फातर्पेकर घर बघायला आल्या, त्या सकाळी काचेच्या टाकीत एंजलच्या जोडीनं अंडी घातली होती. एरवी ओवी अंड्यांचं पान कापून बरणीत ठेवायची. सगळेच तसं करतात, म्हणून पिल्लं जगतात. या वेळी तिनं पान तसंच राहू दिलं होतं.

“यांची यांना वाढवू दे की,” ती म्हणाली. “मी तरी वेगळं काय करणारेय?”

बाई चष्मा सावरत टाकीशी वाकल्या. “मुळात हे मासे आईबाप म्हणून फार चांगले गं. अंड्यांना पंखांनी वारा घालतात, पिल्लं राखतात. पण आपण शंभर पिढ्या अंडी उचलत आलो. जपणाऱ्या जोडीची पिल्लं जगली, तशी खाणाऱ्या जोडीचीही जगली. मग जपायचा गुण टिकायला कारणच उरलं नाही.”

“म्हणजे मी खाईन की काय पोरीला?” ओवी हसली.

बाई हसल्या नाहीत. “माणसाची गुणसूत्रं तीन पिढ्यांत बदलत नाहीत. पण माया नुसती गुणसूत्रांतून येत नाही, कुशीतूनही येते. ज्याला कुणी कुशीत घेतलं, त्याच्या हातांना ते ठाऊक असतं. तुझे हात काय करतील, मला सांगता यायचं नाही. कुणालाच नाही.”

मादी पानाजवळ आली. तिनं एक अंडं ओठांत हलकेच धरलं.

“बघा, साफ करतेय!”

खरंच, साफ करतानाही मासे असंच करतात. अंडं चोखतात, पुन्हा जागेवर ठेवतात. मग दुसरं अंडं. तिसरं. इतक्या नाजूकपणे, की दोघी बघतच राहिल्या. नर शेजारी पंख हलवत होता. सगळं पान रिकामं, हिरवंगार दिसायला लागलं, तेव्हा कुठे ओवीला कळलं.

“जाऊ दे गं,” संध्याकाळी शार्दूल म्हणाला. “मासेच ते.”

पुढच्या आठवड्यात कूसघरात मुलगी जन्मली. परिचारिकेनं ती ओवीच्या हातांत दिली. ऊन ऊन, पपईएवढी. आतून काहीतरी दाटून येईल म्हणून ओवी वाट बघत राहिली. आली ती नुसती धास्ती, दुकानातली महागाची काचेची वस्तू उचलताना येते तशी. मग जुन्या चित्रांत पाहिलं होतं तसं तिनं तोंड खाली नेलं आणि ओठ पोरीच्या कपाळाला टेकवले.

पोर किंचाळली.

ओवीनं वर पाहिलं. फातर्पेकरबाई श्वास रोखून तिच्या ओठांकडे बघत होत्या. टाकीकडे बघत होत्या तशाच.

“घ्या हिला,” ओवी म्हणाली. “लवकर घ्या.”

“अगं, पोरं रडतातच,” बाई गडबडून म्हणाल्या. “धर जरा वेळ. जमेल हळूहळू.”

“नको. मला एकच आहे.”

मासे विकत घेतले त्या दिवशी पिशवीला गाठ मारता मारता दुकानदार म्हणाला होता, “पयल्या दोन-तीन खेपांक अंडी खातले. मगे शिकतले.”