फुंकून पाहिलेली रायफल

टण्ण...

ओट्यावरून चमचा पडला. साधा स्टीलचा चमचा.

योगिनी दचकली. भर दुपार होती. चार वर्षांची पल्लवी शेजारी खेळायला गेली होती. चमच्याचा आवाज विरला आणि मग तिच्या लक्षात आलं...

घरात दुसरा कुठलाच आवाज नाही.

शेखरचं घोरणंही नाही.

हे खरं घडलेलं आहे. योगिनी माझी मावसबहीण. ज्या घरात हे घडलं तिथे मी जेवले आहे, त्या माळ्याखाली झोपले आहे. साल १९९८, फेब्रुवारी संपत आलेला, जागा नाशिकची सातपूर कॉलनी. भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची, कारण तिच्या नवऱ्याची, शेखरची, तेव्हा रात्रपाळी होती. तो दिवसा झोपायचा.

आणि घोरायचा! "शिफ्ट सुटली तरी तुमचं मशीन आपलं चालूच," असं योगिनी म्हणायची. शेजारच्या चिमणाबाई तर भिंतीवर थापा मारायच्या.

त्या दुपारी मशीन बंद होतं.

ती आत गेली. शेखर उताणा झोपलेला. तिने त्याच्या नाकापाशी बोट धरलं...

काहीच नाही.

छातीवर हात ठेवला. छाती हलत नव्हती.

"अहो!"

शेखरने डोळे उघडले. "काय गं? नळाला पाणी आलं का?"

हसू की रडू, तिला कळेना.

मग तिला आदल्या दिवशीची ती म्हातारी आठवली.

शेखर कारखान्यात टूलरूमला होता. त्याचे वडील गावाकडे बंदुका दुरुस्त करायचे, त्यामुळे जुनी बंदूक अस्सल की बनावट, हे त्याला हातात घेतल्यावर कळायचं. भांडी बाजारात जुन्या वस्तूंचं दुकान असलेले यादवराव त्याला दाखवल्याशिवाय एकही बंदूक घेत नसत.

त्या दिवशी ते पेठ तालुक्यातल्या एका म्हातारीला घेऊन आले. झुंबरबाई. तिच्या काखेत गोधडीत गुंडाळलेली लांबलचक वस्तू.

"वहिनी, चहा टाका. आज साहेबांची परीक्षा आहे," यादवराव म्हणाले.

"परीक्षा बंदुकीची असते, यादवराव. माझी नाही," शेखर हसला.

गोधडी उघडली. ठासणीची जुनी रायफल निघाली.

शेखर जमिनीवर मांडी घालून बसला. गज घालून आत बार भरलेला नाही याची आधी खात्री केली. मग एकेक स्क्रू बघितला. "कानशीने हाताने घासलेले आहेत. मशीनचे नाहीत." दस्त्याचा वास घेतला. "तेल मुरलंय. बनावट असता तर बूटपॉलिशचा वास आला असता." नळीत बॅटरी मारली. आतल्या पिळदार खाचा झिजलेल्या, पण स्वच्छ दिसत होत्या. "पाण्याचा पाईप कापून विकतात हल्ली लोक. हा पाईप नाही."

"म्हणजे अस्सल?" यादवराव पुढे सरकले.

"थांबा. शेवटची खूण राहिली."

ती खूण फुंकरीची. घोड्याखाली एक बारीक तोटी असते. अस्सल बंदुकीत नळीच्या तोंडातून फुंकलं की हवा त्या तोटीतून बाहेर येते. शोभेच्या नकलेला ते भोक पाडलेलंच नसतं.

"योगिनी, बोट ओलं करून इथे धर."

तिने धरलं.

झुंबरबाई उंबऱ्यापाशी बसली होती. समोरचा चहा गार होत होता. तिने अजून तोंडही लावलं नव्हतं. तिची नजर फक्त शेखरच्या ओठांवर होती.

शेखरने नळीला तोंड लावलं आणि फुंकलं.

बोटाला काहीच लागलं नाही...

"भोक नाही वाटतं," असं म्हणत त्याने तोंड बाजूला घेतलं.

आणि मग हवा आली.

त्याने फुंकणं थांबवल्यावर आली. कोमट. ओलसर. तापाने फणफणलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसा तिला वास होता. योगिनीने झटकन बोट मागे घेतलं.

"आली!" ती कशीबशी म्हणाली.

"मग अस्सल," शेखर म्हणाला. त्याला किंचित धाप लागली होती.

झुंबरबाईने गार चहा एका घोटात संपवला आणि उठली.

"अहो आजी, भाव तर बोला," यादवराव म्हणाले.

"नको भाव. माझं काम झालं."

तेवढ्यात पल्लवी धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. म्हातारी जागच्या जागी थबकली.

"पोर हाय व्हय घरात..." ती पुटपुटली. "मला ठावं नव्हतं, बाय."

आणि मागे न बघता निघून गेली. रायफल तिथेच राहिली. यादवरावांचं गिऱ्हाईक येईपर्यंत शेखरने ती गोधडीत बांधून माळ्यावर टाकली.

चमचा पडला तो दुसऱ्या दिवशी.

त्यानंतर शेखर जेवायचा, बोलायचा, कामाला जायचा. पण संध्याकाळी पल्लवीचं दूध निववायला त्याने वाटीवर फुंकर मारली...

दुधावरची साय हलली नाही.

त्याने पुन्हा गाल फुगवले. पुन्हा फुंकलं. पल्लवी खिदळली, "बाबांना फुंकर येत नाही!"

शेखरने वाटी खाली ठेवली आणि योगिनीकडे बघितलं.

डॉक्टरांनी नळी छातीला लावली. मग पाठीला. मग स्वतःच्याच छातीला लावून बघितली. शेवटी टॉनिक लिहून दिलं आणि वर बघितलंच नाही.

त्याच आठवड्यात, दुपारी, पल्लवी माळ्याखाली मान वर करून उभी होती.

"आई, ऐक ना... बाबा वर झोपलेत."

योगिनीने कान दिला.

माळ्यावर, गोधडीच्या आत, कुणीतरी घोरत होतं. दुरून, लोखंडातून आल्यासारखं... पण ते घोरणं ती लग्नापासून ऐकत आली होती.

शेखर खाली तिच्यासमोर जागा होता. तोही ऐकत होता.

योगिनीने यादवरावांना सोबत घेतलं आणि पेठच्या पुढचं म्हातारीचं गाव गाठलं. अंगणात झुंबरबाईचा मुलगा जयराम चुलीत फुंकणीने जाळ करत होता. राख उडत होती. म्हातारी त्याच्या फुगणाऱ्या पाठीकडे डोळे भरून बघत होती.

योगिनीला बघताच तिने पदर तोंडाला लावला.

"माझा एकच लेक, बाय. झिजत चालला होता. नळीत दुसऱ्यानं फुंकल्याबिगर पयला सुटत नाय. जाणकार फुंकूनच बघतो, असं बाजारात कळलं, म्हणून आणली."

"तुमच्याकडे कुठून आली ती?"

"आमालाबी कुणीतरी अशीच आणून दिली व्हती."

"दुसरा काही उपाय?"

म्हातारीने फक्त लेकाकडे बघितलं. मागे जयराम फुंकत राहिला... फूऽ... फूऽ...

परतीच्या वाटेवर यादवराव हळूच म्हणाले, "वहिनी, पुण्याचं एक गिऱ्हाईक आहे. ते आपला माणूस पाठवेल तपासायला. तोही फुंकेलच. आपण काही बोलायचं नाही. बघा बुवा."

योगिनीने मान हलवली. हो, मीच हो म्हटलं, असं तिने मला स्वतः सांगितलं. लपवलं नाही.

पुण्याचा माणूस आला. तरुण, चष्मा लावलेला. चहा घेताना म्हणाला, "घाईत आहे हो, बायकोचे दिवस भरलेत."

योगिनीने माळ्याकडे बघितलं. मग शेखरकडे. ती स्टुलावर चढणार, इतक्यात शेखर बोलला.

"काढू नकोस. बनावट आहे ती."

यादवराव उडालेच. "अरे, तूच तर..."

"चुकलो मी. पाण्याचा पाईप आहे. उगाच तुमचा हेलपाटा झाला, साहेब."

आयुष्यात त्याने एवढी एकच अस्सल बंदूक खोटी सांगितली. तो माणूस हिरमुसून निघून गेला.

दार लागल्यावर योगिनी त्याच्या अंगावर धावून गेली. त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या. आमचं काय, आमच्या पोरीचं काय, म्हणाली. त्याने तिला जवळ घेतलं. त्याच्या कुशीत नेहमीसारखा त्याचा श्वास तिच्या मानेला जाणवला नाही. नुसती गार, स्तब्ध छाती.

"कुणालाच फुंकू देऊ नकोस," तो म्हणाला. "तूही नाही."

दिवाळीच्या आधी शेखर गेला. शेवटी इतका हलका झाला होता की योगिनी एकटीच त्याला उचलायची.

रायफल तिने विकली नाही. गोदेत टाकायला एकदा पुलापर्यंत नेली आणि उराशी धरून परत आणली. टाकणार कशी? मी आजही तिच्याकडे जाते, पण दुपारी थांबत नाही.

तेराव्यानंतरची ती दुपार. पाहुणे गेलेले. घर सुन्न. योगिनी भिंतीला टेकून बसलेली, पल्लवी तिच्या मांडीवर डोकं ठेवून. निजली असेल असं तिला वाटलं.

तेवढ्यात वरून आवाज सुरू झाला...

संथ. लयीत. रात्रपाळी करून दमलेल्या माणसाचा.

पल्लवीने डोळे उघडले, माळ्याकडे बघितलं आणि अगदी हळू, झोपलेल्याला जाग येऊ नये अशा आवाजात विचारलं,

"आई, बाबांना खाली कधी काढायचं?"