बाकापर्यंत

"तुमच्या शीटप्रमाणे माझे बाबा तीनशे चाळीस टक्के बरे झालेत," ती म्हणाली. "मग घरी नेऊ ना?"

फिजिओथेरपिस्टने आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या ओल्या छत्रीचं पाणी त्याच्या स्वच्छ फरशीवर ठिबकत होतं, आणि ती बिनदिक्कत त्याच्या टेबलावर वाकली होती.

"जरा सढळ हाताने दिलेत," तो ओशाळून म्हणाला.

"चाललेलं अंतर भागिले ठरवलेलं अंतर. फॉर्म्युला खाली ओढताना ठरवलेलं अंतर एक ओळ घसरलं तुमचं. बाबांना शेजारच्या आजींच्या अंतराने भागलंय. आजींना फक्त खुर्चीपर्यंत जायचंय." तिने दोन कळा दाबल्या. बाबा बावीस टक्क्यांवर आले.

"इतक्या झटपट मला आजारानेसुद्धा पाडलं नव्हतं," वॉकर धरून उभे असलेले बाबा म्हणाले.

ती एका कंपनीत विक्रीची टार्गेटं सांभाळायची. दिवसभर लोकांचे टक्के काढायचे, संध्याकाळी बाबांना व्यायामाला आणायचं. बाबांचं लक्ष्य होतं कॉरिडॉरच्या टोकाची खिडकी. त्याने शीट तिच्याशी शेअर केली आणि तिला नाव दिलं टक्केवाली. ती त्याला नुसतं फिजिओ म्हणायची. बाबा एक पाऊल टाकायचे, तो "शाब्बास" म्हणायचा, पण बघायचा तिच्याकडे.

पन्नास टक्क्यांच्या आसपास कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. आधी त्याच्याकडून, चुकून. तिने ती चूक दुरुस्त केली नाही... आणि दुरुस्त्या करायची तर तिला केवढी खोड!

पंच्याण्णवला तो म्हणाला, "शंभर झाले ना, की तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचार की."

"अंहं. काम अर्धवट असताना मी काही मागत नाही."

"म्हणजे मागायचंय? मघाशी तर नुसतं विचारायचं होतं."

तो लाल झाला. मागे बाबा बुटाची नाडी बांधत होते. जरा जास्तच वेळ बांधत होते.

त्याच आठवड्यात साहेबांनी तिला दुसऱ्या शहरातली जागा देऊ केली. पगार चांगला होता, उत्तर संध्याकाळपर्यंत हवं होतं. तिने मनाशी ठरवलं, बाबांचे शंभर झाले असतील तर नाहीच म्हणायचं. मग शीट उघडली.

चाळीस टक्के.

चाललेलं अंतर तेवढंच होतं. ठरवलेलं अंतर दुपटीहून जास्त झालं होतं. ते त्यानेच वाढवलं होतं.

ही चाल तिला पाठ होती. माणूस शंभराच्या तोंडाशी आला की साहेब टार्गेट पुढे ढकलतात. बक्षीस द्यायचं नसलं की असंच करतात. म्हणजे यालाही विचारायचं नाहीये, तिने हिशेब केला. तोंडावर सांगायचं धाडस नाही, म्हणून हे. एक फोन केला असता तर उलगडा झाला असता, पण टक्केवालीच्या नाकावर राग बसला होता. तिने साहेबांना होकार कळवला.

"माझी बदली झालीये," ती फिजिओला म्हणाली. "यापुढे बाबांना दादा आणेल."

"अशी अचानक?"

"लक्ष्य पुढे सरकलं की माणसाने समजून घ्यावं."

त्याला त्यातलं काहीच कळलं नाही. हातातला व्यायामाचा पट्टा गुंडाळत तो एवढंच म्हणाला, "बरं."

कितीतरी महिन्यांनी, नव्या शहरातल्या ऑफिसात, तिने सहज शीट उघडली. बाबांची ओळ शंभरला पोचून हिरवी झाली होती. तिने लगेच फोन लावला.

"गेलो बाकापर्यंत!" बाबा म्हणाले.

"कुठल्या बाकापर्यंत?"

"समोरच्या बागेतल्या. अगं, मीच त्याला म्हटलं होतं, पोरीला विचारायचं ते इथे स्पिरिटच्या वासात नको विचारूस. बागेत विचार. वाढव माझं अंतर, मी चालत येतो तिथवर, मला बघायचंय."

"मला का नाही सांगितलंत, बाबा?"

"तू निघालीसच. मला वाटलं, तुला तो नको असेल. किती खोदून विचारायचं मुलीला?"

सुट्टी मिळताच ती आली. बाबांनी दोघांना बाकावर बसवलं आणि काठी टेकत मुद्दाम लांब फेरी मारायला गेले.

"कशा आहात?" त्याने विचारलं.

त्या एका 'आहात'ने तिला कळायचं ते कळलं. तरी ती म्हणाली, "विचारायचं होतं ना काहीतरी? मी... हो म्हणाले असते."

त्याने दूर जाणाऱ्या बाबांच्या काठीकडे पाहिलं.

"मला वाटलं, तू उत्तर देऊनच गेलीस," तो म्हणाला. मग सावरून, "गेलात." आणि मग हळूच, "आता घरी बायको आहे. बाबांना अजून सांगवलं नाही. तिला सांगितलंय मी, आमची शीट कुणी दुरुस्त केली ते."

"चांगलं केलंत," ती म्हणाली. तिच्या तोंडूनही 'केलंत'च आलं. डोळे भरून आले होते, पण तिने ते पुसले नाहीत. पुसले असते तर त्याला दिसलं असतं.

पलीकडच्या कोपऱ्यातून बाबांनी उत्साहाने काठी उंचावली. "झालं का गं विचारून?"

"झालं, बाबा," तिने ओरडून सांगितलं. "या आता. सावकाश या."